थांबलेल्यांची मोजणी

मी गाड्या मोजते. काय काम करतेस असं कुणी विचारलं की मी एवढंच सांगते आणि समोरच्याचा चेहरा बघत बसते. एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या लांबच्या आत्याबाईंनी हातातला लाडू पानात परत ठेवला होता. "इंजिनियर झाली म्हनते, अन् रस्त्यावर बसून गाड्या मोजून राहिली? मंग शिकली काहून?" मी म्हटलं, "आत्या, शिकली म्हनूनच मोजता येते." त्यांना काही ते पटलं नाही. लाडू मात्र त्यांनी पुन्हा उचलला.

आमचं कार्यालय अमरावतीत आहे. कुठल्या चौकात कोंडी होते, किती वेळ राहते, का होते आणि काय केलं तर सुटेल, हे मोजून शहरांना आराखडा करून द्यायचा, हे आमचं काम. मी मोजायला शिकले ती नांदगाव पेठेच्या फाट्यावर. कापडाच्या कारखान्यांची पाळी सुटली की दहा मिनिटांत रस्ता भरून जायचा. मांडीवर पाटी, पाटीवर तक्ता आणि तक्त्यात दुचाकी, ऑटो, मोटार, बस, ट्रक, सायकल, हातगाडी असे रकाने. एक गाडी गेली की एक उभी रेघ, पाचवी त्या चारांवरून आडवी. पंधरा मिनिटं झाली की नवी ओळ. पहिल्या दिवशी वाटलं, डोळे बाहेर येऊन तक्त्यावरच पडतील. पंधरवड्याने मान वर न करता, नुसत्या आवाजावरून मी ऑटो आणि टेम्पो वेगळे सांगायला लागले. हे मी फुशारकीने सांगतेय, आणि का सांगू नये?

बाबांना या कामातली एकच गोष्ट भयंकर आवडली. मोजताना सगळ्या गाड्या सारख्या धरत नाहीत. मोटार म्हणजे एक धरली, तर दुचाकी त्याहून कमी, बस कितीतरी जास्त. रस्ता कोण किती अडवतं त्यावरून हे वजन ठरतं. हातगाडीचं वजन मोटारीपेक्षा जास्त असतं, हे मी एकदा जेवताना सांगितलं. बाबांचा घास हातातच राहिला. "म्हंजे माही हातगाडी कारपेक्षा मोठी?" मी म्हटलं, "अडवण्यात मोठी." पुढचं त्यांनी ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवशी चौकातल्या प्रत्येक कारवाल्याला त्यांनी ही बातमी दिली.

बाबा अकोल्यात भाजी विकतात. बाळापूरच्या बाजूला आमचं थोडं बागायती रान आहे. पालक, मेथी, चवळी, वांगी आणि सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, हे सगळं घरचं. पहाटे एक खेप आणि दहाच्या सुमारास दुसरी टेम्पोने नाक्यापर्यंत यायची आणि तिथून माल हातगाडीवर चौकात. गाड्या मोजायचं शास्त्र मला कॉलेजात शिकवलं, पण कोंडी मोजायचं पहिलं माप मी बाबांकडून घेतलं. "आज सांबारानं वाटेतच मान टाकली," असं ते म्हणाले की रस्ता तुंबला होता. "ताठ आला," म्हणाले की मोकळा. आमच्या कार्यालयातल्या महागड्या यंत्रापेक्षा ती जुडी फारशी कमी अचूक नव्हती, असं माझं मत आहे.

तर आमच्या कार्यालयाला अकोल्यातल्या काही चौकांचं काम मिळालं, आणि त्यात बाबांचा चौकही आला.

त्या चौकात वळणाच्या कडेला भाजीवाल्यांची ओळ बसते. पंधरा-सोळा घरं, सगळी स्वतः पिकवून स्वतः विकणारी. ओळीत पहिले, थेट कोपऱ्यावर, माझे बाबा. तो कोपरा त्यांना आजोबांकडून मिळालेला. ओळीतल्या बायका त्यांना कोपऱ्याचे पाटील म्हणत चिडवायच्या, आणि बाबा चिडण्याऐवजी मिशीवरून हात फिरवायचे.

आमचे साहेब पुण्याकडचे. माणूस सज्जन, आवाज कधी न चढवणारा. त्यांनी एका सकाळी चौक पाहिला आणि कच्च्या टिपणात दोन ओळी लिहिल्या. कोंडीचं मुख्य कारण, रस्त्याकडेचा भाजीबाजार. उपाय, बाजार शहराबाहेर हलवणे. मी ते टिपण टंकायला घेतलं आणि माझी बोटं थांबली. शहराबाहेर म्हणजे जिथे सकाळी चिटपाखरू फिरकत नाही. गिऱ्हाईक तिथे पोचेपर्यंत पालेभाजीचा चारा झालेला असणार. मग सगळ्यांनी माल व्यापाऱ्याच्या हवाली करायचा आणि घरी बसायचं. आपल्या हाताने पिकवून आपल्या हाताने विकणं, हाच त्या माणसांचा तोरा होता. तो या दोन ओळींत संपत होता.

मी साहेबांच्या टेबलाशी गेले आणि सांगून टाकलं, "सर, त्या ओळीत पहिले बसतात ते माझे वडील आहेत."

त्यांनी चष्मा काढला. "मग तुम्ही या कामातून बाजूला होता का?"

"नाही. मला मोजू द्या. तुम्ही पाहून लिहिलंय, मोजून नाही."

हे जरा जास्तच झालं होतं. मला तोंड आवरत नाही, हे आई लहानपणापासून सांगत आली आहे. साहेबांनी चष्मा पुन्हा चढवला आणि म्हणाले, "दोन आठवडे घ्या. पण असं मोजा की उद्या कुणी म्हणायला नको, पोरीने बापासाठी आकडे वळवले."

मोजायला आम्ही गावातलीच माणसं रोजावर घेतो. रस्त्याच्या वरच्या टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी, कॉलेजातल्या दोन मुली बसवल्या. खाली चौकात एक काका घेतले. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, त्याच चौकाच्या मागे राहणारे. त्यांना खुर्ची दिली तर म्हणाले, "मी जन्मभर उभ्यानं हिशोब केला, आता काय बसू?" पाय फाकवून, पाठ विजेच्या खांबाला टेकवून ते उभे राहायचे, जणू तो खांब धावत्या एसटीतलाच होता. रेघा मात्र छापल्यासारख्या. एकही वाकडी नाही.

टाकी ते चौक या तुकड्यात मध्ये एकही गल्ली नाही. म्हणजे वरून जेवढ्या गाड्या शिरल्या, तेवढ्या थोड्या उशिराने का होईना, चौकातून बाहेर पडायला हव्यात. मी चार दिवसांचे तक्ते जुळवायला बसले आणि डोकं धरून राहिले. सकाळी दहानंतर वरून शिरलेल्या गाड्यांपैकी कितीतरी चौकात पोचतच नव्हत्या. रांग चौकापासून विजेच्या अकराव्या खांबापर्यंत जायची, मी स्वतः स्कूटरवरून जाऊन वेळ मोजायचे तर दोन मिनिटांच्या रस्त्याला बारा लागायची, आणि काकांच्या तक्त्यावर मात्र सगळं निवांत. गाड्या काय जमिनीत जात होत्या?

पाचव्या दिवशी मी काकांच्या शेजारी उभी राहिले. दुधाची गाडी आली, काकांच्या समोरच थांबली. चालकाने मान बाहेर काढून विचारलं, "काय काका, काय करून राहिले?" काका म्हणाले, "ड्युटी." दोघांचं थोडं हवापाण्याचं झालं. मागे पाच-सहा हॉर्न वाजले. दुधाची गाडी निघून गेली. काकांची पेन्सिल जागची हलली नाही.

"काका, ही नाही मोजली?"

"ते कायले? थे तं थांबली होती."

"पण मग गेली ना!"

"गेली. पन आपल्याशी बोलून गेली नं." ते माझ्याकडे दयेने बघत होते. "हे पाय, बाई. जो सरळ निंघून गेला तो वाटसरू. त्याले मोजला मी. जो थांबला, बोलला, थो चौकाचा पाहुना. घरी आलेल्या पाहुन्याले कोनी मोजते काय?"

मी चिडले. चार दिवस पाण्यात गेले होते आणि माझ्याकडे दोन आठवडेच होते. भर चौकात मी त्या वयाने मोठ्या माणसाला बरंच काही बोलले, जे इथे लिहिण्यासारखं नाही. काकांनी शांतपणे पाटी खांबाशी टेकवून ठेवली, तक्ता काढून माझ्यासमोर धरला आणि म्हणाले, "तुह्या या तिकिटात थांबनाऱ्याचा रकाना कुठं हाय? दाखव."

मी तक्ता पाहिला. रकाना नव्हता. दुचाकी होती, बस होती, सायकल होती. थांबणं नव्हतंच. तो तक्ता जिथे कुठे तयार झाला असेल, तिथे माणसं रस्त्याने जाण्यासाठीच जात असतील. आमच्या वऱ्हाडात माणूस रस्त्याने निघतो ते वाटेत कोण भेटतं हे बघायला. दोन दुचाकीवाले समोरासमोर आले की हँडलला हँडल लावून भर रस्त्यात "काय बे, कुठं चालला?" झाल्याशिवाय पुढे जात नाहीत. गेलं तर घमेंडखोर ठरतो. हे मला जन्मापासून माहीत, आणि मी त्याच रस्त्यावर पाटी घेऊन बसले होते ते परक्याच्या डोळ्यांनी. कानफटात बसल्यासारखं झालं. मी काकांची माफी मागितली. त्यांनी ती अशी घेतली जशी सुट्टे पैसे घ्यावेत, न बघता खिशात.

त्याच दुपारी मी नवा तक्ता आखला. कोण थांबलं, कुठे, कशासाठी, किती वेळ. मुलींना गाड्यांवर ठेवलं आणि काकांना थांबणाऱ्यांवर. आणि मग त्या माणसाने काय काम केलं म्हणून सांगू! त्यांना प्रत्येक थांबणारा माहीत. "हा सोयऱ्याची वाट पायते, दहा मिन्टं लागन." "ही मास्तरीन, फक्त सांबार घेते, एक मिन्ट." कॅमेऱ्याला हे दिसलं नसतं. कॅमेऱ्याला गाडी दिसते. काकांना कारण दिसायचं.

तक्ते भरत गेले तसा माझा जीव हलका होऊ लागला. भाजीवाल्यांची ओळ जुन्या गोदामाच्या भिंतीलगत, रस्त्यापासून चांगली आत होती. गिऱ्हाईकं गाड्या मधल्या मोकळ्या जागेत लावायची आणि उतरून भाजी घ्यायची. ओळीमुळे रस्ता अडत नव्हता, हे आता माझं मत नव्हतं, आकडे होते. कोंडी करत होते शाळेचे ऑटो, जे वळणावरच पोरांची वाट बघत गप्पा छाटायचे. दुसरी आलूबोंड्याची गाडी, जिथे माणसं दुचाकीवर बसूनच खायची.

आणि तिसरा तो कोपरा, ओळीतला एकटाच वळणाला चिकटलेला. बाबांचा.

बाबांची एक रीत होती आणि तिचा त्यांना केवढा अभिमान. गिऱ्हाईकाला गाडीवरून उतरू द्यायचं नाही. लांबून हॉर्न ऐकूनच त्यांना कळायचं कोण येतंय. गाडी थांबेपर्यंत जुडी बांधून हातात. "दुकानदार तो, जो स्वतः उठते," असं ते म्हणायचे. आणि त्या एकेका मिनिटाने डावं वळण बंद व्हायचं. एक गेला की दुसरा. दहा ते साडेअकरा, डावीकडे वळणाऱ्या रस्त्यात सतत कुणीतरी उभं, आणि त्याच्या मागे अकरा खांब रांग. ऑटोंपेक्षाही जास्त वेळ तो कोपरा अडत होता. आपलेच दात, आपलेच ओठ.

काकांना ते माझ्याआधी कळलं होतं. एका सकाळी त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली आणि हळूच विचारलं, "तुह्या बाबाचंही लिहू काय व? का पाहुन्यात धरू?"

खोटं कशाला सांगू, मी पाण्याचा घोट घ्यायला वेळ लावला. भाजीवाल्यांची ओळ तर बचावत होती. बाबांचा कोपरा त्यात झाकून गेला असता तर कुणाला कळलं नसतं. कळलं असतं ते काकांना आणि मला. आणि उद्या कुणी बोट ठेवलं असतं तर ते एका कोपऱ्यावर नाही, सगळ्या आकड्यांवर ठेवलं असतं. पंधरा घरं माझ्या एका खोट्या रेघेवर उभी राहिली असती.

"लिहा," मी म्हटलं.

मोजणी संपवून मी अमरावतीला परतले, पण घरी सांगायचं राहिलं होतं. त्या रविवारी मी अमरावतीहून मुद्दाम गेले. भाकर आणि वांग्याची भाजी झाली, बाबा हात धुऊन आले, आणि मी तक्ता त्यांच्यासमोर मांडला. बाबा फार शिकलेले नाहीत, पण रेघा कोणालाही वाचता येतात. त्यांनी ऑटोंच्या रेघा पाहिल्या, आलूबोंड्याच्या पाहिल्या आणि मग स्वतःच्या रकान्यावर बोट ठेवून वरपासून खालपर्यंत नेलं.

"एवढे लोक थांबते माह्याजवळ?"

पहिल्यांदा आवाजात आनंदच होता. मग त्यांनी शेजारी लिहिलेली मिनिटं विचारली, खांबांचं विचारलं, रांगेत कोण असतं ते विचारलं. मी सांगितलं, सरकारी दवाखान्याकडे जाणारे असतात, परीक्षेला जाणारी पोरं असतात, तुमच्यासारखेच नाक्यावरून माल आणणारे असतात. "तुमचं सांबार मान टाकते नं बाबा, थे तुमच्याच कोपऱ्यानं टाकते."

बाबा उठून ओट्यावर जाऊन बसले. मी निघाले तेव्हा त्यांनी नेहमीसारखी भाजीची पिशवी दिली, पण 'पोचली की फोन कर' म्हणाले नाहीत. अमरावतीपर्यंत मी एसटीत खिडकीकडे तोंड करून बसले. खरं वागल्याचं समाधान वगैरे पुस्तकात असतं. मला नुसतं वाईट वाटत होतं.

साहेबांनी सगळे तक्ते दोनदा तपासले. बाबांच्या रकान्यापाशी ते जरा जास्त वेळ थांबले. मग त्यांनी स्वतःच्या हाताने टिपणातल्या त्या दोन ओळींवर काट मारली. नव्या शिफारशीत लिहिलं, भाजीवाल्यांची ओळ आहे तिथेच राहावी. ऑटोंचा थांबा मागच्या रस्त्याला न्यावा. आलूबोंड्याची गाडी आत सरकवावी. वळणाचा कोपरा तीस पावलं पूर्ण मोकळा ठेवावा. एक महिना करून बघावं, असं महापालिकेत ठरलं. सह्यांच्या जागी साहेबांनी माझंही नाव घातलं, आणि खाली काकांचं, 'थांबा-निरीक्षक' म्हणून. हे पद कुठल्याच पुस्तकात नाही. काकांनी त्या पानाची छायाप्रत काढून घरी काचेत लावली आहे.

कोपऱ्यावर पिवळे पट्टे मारायला माणसं येणार होती, त्याच्या आदल्या सकाळीच बाबांनी आपली हातगाडी कोपऱ्यावरून काढली आणि ओळीच्या अगदी शेवटी, कडुनिंबाखाली नेऊन लावली. कुणी सांगितलं नव्हतं. ओळीतल्या बायकांनी मध्ये जागा करून देऊ म्हटलं तर म्हणाले, "नाई. जो सरकला त्यानं शेवटी जावं." हे मला काकांनी फोनवर सांगितलं, बाबांनी नाही.

महिना झाल्यावर मी फेरमोजणीला गेले. टाकीपाशी स्कूटर घेऊन उभी राहिले, दहा वाजून वीस मिनिटं झाल्यावर वेळ लावली आणि निघाले. अकरावा खांब गेला, दहावा गेला, आठवा. रांग लागलीच नाही. पाचव्या खांबाशी तीन-चार गाड्या होत्या, त्याही सरकत होत्या. त्या रस्त्यावर मी लहानपणापासून इतकी मोकळी कधी गेले नव्हते. छाती अशी भरून आली की हसू आवरेना, एकटीच हसत स्कूटर चालवत होते. वळणावर आले. कोपरा रिकामा, पिवळे पट्टे स्वच्छ. आणि डावीकडे, कडुनिंबाखालून, बाबांचा आवाज आला.

एक गृहस्थ दुचाकी भिंतीशी लावून, बरेच चालून त्यांच्यापर्यंत पोचले होते आणि कुरकुरत होते. "काय राजेहो, एवढा मोक्याचा कोपरा सोडला! कोनी उठोलं तुमाले?"

बाबा मेथीची जुडी बांधत होते. मान वर न करता पण सगळ्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मले उठवाची हिंमत कोनाची हाय? माह्या पोरीनं उठोलं. मोजून."

मागून हॉर्न वाजला. मग आणखी दोन. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की मी स्कूटर त्याच कोपऱ्यावर, भर वळणात, पिवळ्या पट्ट्यावर उभी केली होती. खांबाला टेकलेल्या काकांनी कानावरची पेन्सिल काढली होती आणि ते माझ्याकडे बघत होते.

"तुह्यं लिहू काय व?"

डोळे पुसून मी म्हटलं, "लिहा."